अनसक्काच्या तीन पेट्या

माझी नात कॉम्प्युटरची परीक्षा देते आहे. परवा ओट्याशी उभी राहून ती मोठ्यानं पाठ करत होती. "प्रत्येक नोंदीला स्वतःचा एक क्रमांक हवा. तो दुसऱ्या नोंदीला देता येत नाही. एक माहिती एकाच तक्त्यात ठेवावी. बाकीच्या तक्त्यांत नुसता क्रमांक लिहावा."

मी शेंगा सोलत होते. विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे, आजी. डेटाबेस म्हणतात याला. परदेशात शोधून काढलंय."

"परदेशात काढलं असेल. सोलापुरात ते एका तेलुगू बाईनं काढलं होतं. तोंडात सेफ्टी पिना धरून."

नात हसली. मला हसू आलं नाही. पन्नास वर्षं होत आली, तरी ती बाई माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

तिचं नाव अनसूया. सगळी मिल तिला अनसक्का म्हणायची. अक्का म्हणजे थोरली बहीण. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान होती, आणि मला मात्र सगळ्या पारूबाईच म्हणायच्या. इथपासूनच सुरुवात झाली.

मिलमध्ये कामाला येणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी आवारातच पाळणाघर होतं. लांब पत्र्याची खोली, दोन्हीकडं पाळणे, मधे सतरंजी. मी तिथं नऊ वर्षं होते, पण बदलीवर. बदली म्हणजे रोज सकाळी दारात उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाही तर घरी. माझं नाव रोज पुकारलं जायचं, कारण पाळणाघर माझ्या डोक्यात होतं. कुठलं लेकरू कुणाचं, आई कुठल्या खात्यात, कुणाला काय सोसत नाही, संध्याकाळी न्यायला आजी येते की मामा, सगळं तोंडपाठ. एक रजिस्टर होतं, पण ते कारकुनाचं. त्यात रोज लेकराचं नाव, आईचं नाव, खातं, पत्ता, सगळं पुन्हा पुन्हा लिहिलेलं. बाईचं खातं बदललं की निम्म्या पानांवर जुनं, निम्म्या पानांवर नवं. ते कुणी उघडत नव्हतं. "पारूबाईला इचारा" म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं.

बहात्तरच्या दुष्काळात केम, नातेपुत्याकडून माणसं शहरात आली. त्यांच्या बायकाही बदलीवर लागल्या. वीस-बावीस लेकरं होती, ती साठाच्या घरात गेली. मिलच्या साहेबांनी आणखी एक बाई दिली. ती ही.

बुटकी, काळीसावळी, केस घट्ट ओढून बांधलेले. बाप चादरीच्या मागावर, नवरा चादरीच्या मागावर. शिक्षण माझ्याइतकंच, चौथी. ती मॅट्रिक असती तर मी सोसलं असतं. शिकलेल्या बाईपुढं हरायची लाज नसते. पण चौथीपुढं चौथी हरते तेव्हा काय सांगायचं लोकांना?

पहिल्या दिवशी दुपारी तिनं डबा उघडला तेव्हा मी बघितलं, भात एका बाजूला, वरण दुसऱ्या वाटीत, चटणी झाकणात. एकाचा थेंब दुसऱ्याला लागू देत नव्हती. मी म्हटलं, "सोवळं हाय का काय?"

"न्हाई पारूबाई. डब्यात येगळं, घासात एक. डब्यातच कालवलं तर परत येगळं करता येतंय का?"

मला वाटलं, वेडी आहे.

तिसऱ्या दिवशी तिनं सुताच्या कोनांची पुठ्ठ्याची खोकी मागून आणली, कापून पत्त्यांएवढी कार्डं केली, आणि तीन पत्र्याच्या पेट्या मांडल्या. पहिली पेटी लेकरांची. एका लेकराला एक कार्ड, त्यावर नंबर, नाव, जन्म, आणि आईचा बिल्ला नंबर. दुसरी पेटी आयांची. बिल्ला नंबर, नाव, खातं, पाळी, राहायचं ठिकाण. तिसरी रोजची. कुणाला सुई टोचली, कुणाला ताप आला, कुणाला कोण घेऊन गेलं. तिसऱ्या पेटीत नाव लिहायचंच नाही, नुसता लेकराचा नंबर.

मी विचारलं, "नाव का न्हाई?"

"नाव पहिल्या पेटीत हाय की. एक गोष्ट एका जागी. धा ठिकाणी लिवली तर धा ठिकाणी चुकंल." मग तिनं हातानं हवेत उभ्या रेघा ओढल्या. "ह्यो ताणा. चादर लावताना ताणा एकदाच लावायचा, तशी लेकरं न् आया. बाणा आडवा, रोज येतो जातो. बाण्याला फकस्त कुठल्या धाग्यावरनं जायचं तेवढं ठाव पायजे."

मग प्रत्येक झबल्यावर तिनं लाल दोऱ्यानं नंबर शिवला. तोंडात पिना, हातात सुई, दिवसाला दहा-बारा झबली. आया भडकल्या. घडी खात्यातली एक बाई दारातच ओरडली, "आमच्या लेकराला नंबर? जेलात घातलंय व्हय?"

अनसक्कानं पिना काढून हातावर घेतल्या. "हितं पाच व्यंकटेश हायत. तुज्या व्यंकटेशाला दुसऱ्याचं औषध पाजू का?"

"पाजू नगा की!"

"मग शिवू दे."

बाईनं झबलं पुढं केलं. मी बोलले, "मला पाची व्यंकटेश वळखू येतात." ते खरंच होतं. अनसक्का म्हणाली, "तुमाला येतात. तुमी देवदर्शनाला गेलात की?"

मी कधीच कुठं गेले नव्हते. तेवढ्यासाठीच गेले नव्हते.

तिच्या खोडी अंगावर येणाऱ्या होत्या. रोज बघितलेलं लेकरू, तरी औषध देताना नंबर बघायची, कार्ड काढायची, वाचायची, मग चमचा भरायची. मला वाटायचं, हिच्या लक्षात काही राहत नाही म्हणून ही कागदाला चिकटते. हे मी आयांना सांगायचेही. "अक्काला कार्डाबिगर आपलं लेकरू बी वळखायचं न्हाई." आया हसायच्या. तिच्यापर्यंत ते गेलं असणार. तिनं तो विषय कधी काढला नाही.

एकदा एक बाई बहिणीचं लेकरू घेऊन आली. बहीण उद्यापासून कामावर येणार होती. मी घेतलं असतं. अनसक्का दारात आडवी झाली. "आईचं कार्ड न्हाई तवर लेकराचं न्हाई."

मी म्हटलं, "अगं, एका दिवसाचा तर प्रश्न."

"एका दिवसात हे निपचित पडलं तर कुनाला हाक मारू? भिंतीला?" तिनं त्या बाईला परत पाठवलं, बहिणीला बोलवून घेतलं, तिचं कार्ड केलं, मग लेकरू पाळण्यात. तसंच, एखादी बाई काम सोडून गेली तरी तिच्या लेकराचं कार्ड पेटीत असेपर्यंत तिचं कार्ड काढू द्यायची नाही.

आणि रिकामी जागा. लेकरांच्या कार्डावर एक रकाना होता, पावडरचं दूध सोसतं का. काहींच्या पुढं होय, काहींच्या पुढं नाही, काहींच्या पुढं काहीच नाही. मी एकदा हातात पेन्सिल घेतली आणि रिकाम्या जागी "नाही" लिहायला लागले. बरं दिसत नव्हतं म्हणून. तिनं माझ्या हातातली पेन्सिल ओढून घेतली. तेवढी एकदाच ती माझ्यावर चिडलेली मी पाहिली.

"न्हाई म्हंजे कुनीतरी इचारलं, आनि उत्तर आलं. रिकामं म्हंजे कुनी इचारलंच न्हाई. ह्या दोन गोष्टी एक न्हवंत पारूबाई."

माझ्यापेक्षा लहान बाईनं, लहान पोरीच्या हातून काढावी तशी माझी पेन्सिल काढून घेतली. मी चार दिवस बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नसावं, कारण ती तशीही कमीच बोलायची.

पाचवा दिवस आणखी वाईट निघाला. लस टोचणारी डॉक्टरीण आली. तिच्याकडं थोड्याच सुया होत्या. ती म्हणाली, "एक वर्षाच्या आतली, एकच सुई झालेली, आणि आई दुसऱ्या पाळीला असलेली लेकरं किती? त्यांना आज देते. पहिल्या पाळीच्यांना उद्या."

मी डोळे मिटले. एकेक पाळणा आठवला. म्हटलं, "अकरा." लगेच सांगितलं.

अनसक्का फरशीवर बसली. रोजच्या पेटीतून एकच सुई झालेल्यांचे नंबर काढले. त्या नंबरांची लेकरांची कार्डं शेजारी मांडली, वर्षावरची बाजूला सारली. उरलेल्यांच्या आयांचे बिल्ला नंबर बघून दुसऱ्या पेटीतून त्यांची कार्डं काढली, पहिल्या पाळीची परत ठेवली. "आगु, आगु," ती पुटपुटत होती. थांब, थांब, असं तेलुगूत. डॉक्टरीण थांबली. तिचा चहा थंड व्हायच्या आत अनसक्का म्हणाली, "तेरा."

"अकरा," मी म्हटलं.

तिनं दोन कार्डं पुढं केली. दोन्ही लेकरं तिथंच होती, कोपऱ्यातल्या पाळण्यांत. मी त्यांना रोज दूध पाजत होते. मला ती का आठवली नाहीत, ते मी त्या रात्री अंथरुणावर विचार करून शोधलं. ती दोघं कधी रडायची नाहीत. माझ्या डोक्यात रडणारी लेकरं राहत होती.

डॉक्टरीण साहेबांना जाऊन सांगून आली. आठवड्यात बातमी फिरली, पाळणाघरात एक जागा कायम होणार. कायम म्हणजे दारात उभं राहणं संपलं. नऊ वर्षं मी त्या जागेची वाट बघत होते. तिला येऊन दीड वर्षही झालं नव्हतं.

आता पुढचं सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

सोजर नावाची केमची बाई होती, रीळ खात्यात. तिची मुलगी शकू, नंबर सतरा. त्या उन्हाळ्यात शकू हगवणीनं गेली. घरीच वारली, पाळणाघरात नाही. अनसक्कानं सतराचं कार्ड काढलं नाही. कोपऱ्यात भोक पाडून निळा दोरा बांधला आणि होतं तिथंच ठेवलं. मी म्हटलं, "नंबर मोकळा झाला. नव्या लेकराला देऊन टाक."

"सतरा शकूचा. आता दुसऱ्या कुनाचा न्हाई."

"ती हाय का आता?"

"ती न्हाई. पन ती हुती की. रोजच्या पेटीत तिची धा कार्डं हायत. नव्याला सतरा दिला तर तिचा ताप त्याच्या अंगावर जाईल."

त्यानंतर काही महिन्यांनी अनसक्का बहिणीच्या बाळंतपणाला मैंदर्गीला गेली. चार दिवस. पेट्या माझ्या ताब्यात, मदतीला दोन दिवसांची नवी बदली बाई. दुसऱ्याच दिवशी नातेपुत्याची एक बाई चार महिन्यांचा मुलगा घेऊन आली. तिचं कार्ड केलं. मुलाला पुढचा नंबर द्यायचा होता. मी सतरा दिला.

चुकून नाही. मी विसरले असं साहेबांना सांगितलं, पण ते खोटं. मला दाखवायचं होतं की तिचा नियम मोडला तरी पाळणाघर चालतं. झबल्यावर सतरा मी माझ्या हातानं शिवला. नवं कार्ड जुन्याच्या मागं ठेवलं. जुनं फाडायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला गेले होते. तेवढ्यात त्या मुलाला ताप चढला. बदली बाईनं झबलं बघितलं, सतरा. पेटी उघडली, सतराचं पहिलं कार्ड काढलं, बिल्ला बघितला, दुसऱ्या पेटीत सोजरचं नाव, रीळ खातं. सगळं तिला शिकवलं होतं तसंच केलं तिनं. निळ्या दोऱ्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. तिनं निरोप धाडला, "सोजर, तुझ्या लेकराला ताप आलाय, ये."

मी दुधाची किटली घेऊन दारात आले, तेव्हा सोजर माझ्या अंगावरून आत धावली. केसांत कापूस, पदर खाली. "कुटं हाय? कुटं हाय?" ती एकेका पाळण्यात वाकून बघत होती. सगळे पाळणे बघितले. मग मधे सतरंजीवर बसली.

म्हणाली, "मला ठाव हाय की. मीच पुरली तिला. तरी पाय पळालं."

मग उठून पदर नीट केला आणि कामावर गेली. मी किटली खाली ठेवली. तापाच्या लेकराला दवाखान्यात पोचवलं, त्याच्या खऱ्या आईला बोलावलं. ते बरं झालं. पण सोजरचं ते वाक्य आख्ख्या मिलमध्ये गेलं.

अनसक्का आली त्या दिवशी साहेबांनी दोघींना बोलावलं. तिनं आधी दोन्ही सतरा बघून घेतले होते. माझं अक्षर ओळखायला तिला दुसरं कार्ड काढून बघायची गरज नव्हती. मला वाटलं, आता माझं काम गेलं. आणि खरं सांगते, त्याहून मला भीती वाटत होती की ती मला वाचवेल. तेवढे उपकार मला सोसले नसते.

"हे कुणी केलं?" साहेब म्हणाले.

"दुसरं कार्ड पारूबाईंनी लिवलं," ती म्हणाली. "नव्या बाईला निळ्या दोऱ्याचं सांगायचं मी इसरले. पेटी माजी हाय."

ज्याची चूक त्याच्या नावावर. माझी माझ्या, तिची तिच्या. ना वाढवलं, ना झाकलं.

साहेबांनी मात्र शेवटचंच ऐकलं. म्हणाले, "माणसांना नंबर लावले की असं होतं. मेलेल्या पोरीच्या आईला बोलावलं! आमची जुनी पद्धत बरी होती. पारूबाईला विचारलं की काम व्हायचं." महिन्याभरात कायमची जागा मला मिळाली. मी नको म्हटलं नाही. म्हणणारही नव्हते.

तिला पाळणाघरातून काढलं, पण सरळ नाही. रोज दारात तिचं नाव पुकारायचंच बंद केलं. आठ दिवस ती उभी राहून परत गेली. नवव्या दिवशी आत येऊन म्हणाली, "पेट्या समजून घ्या." एकेक कार्ड मला दाखवलं. सोजरच्या मुलीचा दोरा पुन्हा घट्ट बांधला. नातेपुत्याच्या मुलाला चौसष्ट नंबर दिला, झबल्यावरचा सतरा उसवून नवा शिवला. मग पेट्यांच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

तेवढ्यात पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला. आया लेकरं न्यायला आल्या, दुसऱ्या पाळीच्या सोडायला. ती निघाल्याचं कुठून कळलं होतं कोण जाणे, लेकरं कडेवर घेऊन त्या तिच्याभोवती जमल्या. पेट्या माझ्या मागं, कुलपात. तिच्या हातात डब्याची पिशवी, दुसरं काही नाही.

"व्यंकटेशाची दुसरी सुई ऱ्हायलीय, पुढच्या म्हैन्यात," ती एकीला म्हणाली. दुसरीला म्हणाली, "हिला पावडरचं दूध देऊ नगंस, वकती. तुलाच इचारून लिवलंय." तिसरीला, "तुज्या सासूला आता कमी दिसतंय. लेकरू तिच्या एकटीच्या हाती देऊ नगंस." चौथी. पाचवी. नंबर एकाचाही घेतला नाही. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची तारीख, प्रत्येकाचा मामा. मी दारात उभी राहून मनात पडताळून बघत होते. एक चुकेल, एक तरी चुकेल. कोपऱ्यातली ती दोन न रडणारी लेकरंसुद्धा तिनं हाक मारून जवळ घेतली.

बायका पांगल्यावर मी विचारलं, "सगळं पाठ होतं, तर कार्डं कशाला गं?"

ती चपला घालत होती. "माज्यासाटी कवा हुती ती? तुमच्यासाटी बी न्हवती. आपन दोगी नसताना जी येईल, तिच्यासाटी." मग म्हणाली, "येते पारूबाई," आणि उन्हात निघाली.

नऊ वर्षांत माझं असं एकच काही होतं. माझी स्मरणशक्ती. ती तिच्याकडंही होती, आणि माझ्यापेक्षा पुरी होती. तिनं ती कधी दाखवली नाही, एवढंच. पन्नास वर्षांनंतरही मला त्या गोष्टीची क्षमा करता आलेली नाही. तिला नाही, आणि स्वतःलाही नाही.

दुसऱ्या पाळीची एक बाई उशिरानं लेकरू घेऊन आत आली. इकडं तिकडं बघितलं. "अक्का न्हाईत?"

"मी हाय की," मी म्हटलं.

तिनं लेकरू माझ्या हातात दिलं. पण कामावर जायला वळली नाही. दारातून मिलच्या फाटकापर्यंतचा रस्ता दिसतो, त्यावर ती बुटकी पाठ चालली होती. फाटकातून ती बाहेर पडेपर्यंत आम्ही दोघी तिकडंच बघत उभ्या होतो.